आनुवंशिक आजार कसे शिकावेत: नर्सिंगच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

जेनेटिक्सचा धडा सुरू झाला की बहुतेक विद्यार्थी आजारांची यादी पाठ करायला बसतात. थॅलसेमिया ऑटोसोमल रिसेसिव्ह, हंटिंग्टन डॉमिनंट, हिमोफिलिया एक्स-लिंक्ड. पंधरा दिवसांत सगळी सरमिसळ होते आणि वॉर्डात एखाद्या आईने "माझ्या दुसऱ्या बाळाला होईल का?" असं विचारलं की पाठ केलेल्यातलं काहीच कामाला येत नाही. म्हणून क्रम उलटा करा. आधी वारसा कसा पुढे जातो ते कागदावर काढायला शिका, मग शक्यता मोजायला शिका आणि आजार सगळ्यात शेवटी घ्या. या क्रमाने गेलात तर नवीन आजाराचं नाव समोर आलं तरी तुम्ही अडणार नाही.

हाताशी काय ठेवावं

- कोरे, रेघा नसलेले कागद, पेन्सिल आणि खोडरबर. वंशवृक्ष पेनाने काढू नका, माहिती बदलत जाते.
- वंशवृक्षाच्या प्रमाणित खुणांचा एक पानी तक्ता.
- नावं झाकलेले तीन नमुना रिपोर्ट: एक सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एक हिमोग्लोबिनचा एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारी तपासणी) आणि एक कॅरिओटाइप (गुणसूत्रांची संख्या आणि रचना दाखवणारं चित्र). शिक्षकांकडून मागून घ्या.
- नवजात बाळाच्या टाचेच्या रक्तासाठी वापरतात ते फिल्टर कागदाचं कोरं कार्ड.

१. पाया: चार-पाच शब्द, पण पक्के

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं, म्हणजे २३ जोड्या असतात. त्यातल्या २२ जोड्या स्त्री-पुरुषांत सारख्या, २३वी जोडी लिंगगुणसूत्रांची: स्त्रीत एक्सएक्स, पुरुषात एक्सवाय. स्त्रीबीज आणि शुक्राणू यांत मात्र प्रत्येक जोडीतलं एकच, म्हणजे २३ गुणसूत्रं असतात. पुढचं सगळं गणित या एका वाक्यावर उभं आहे.

गुणसूत्रांवर जनुकं, म्हणजे डीएनएत लिहिलेल्या सूचना, असतात. प्रथिन बनवणारी सुमारे २०,००० आहेत. बहुतेक जनुकांची एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून येते. दोन्ही प्रती सारख्या असतील तर समयुग्मी, वेगळ्या असतील तर विषमयुग्मी. आत काय आहे तो जीनोटाइप, बाहेर काय दिसतं तो फिनोटाइप.

एक छोटा बदल किती दूर जातो, हे सिकल सेलमध्ये नीट पाहून ठेवा. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात जीएजी या तीन अक्षरांचं जीटीजी होतं. एवढ्याने साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. ऑक्सिजन कमी पडला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दांड्या बनवतं, लाल पेशी कोयत्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि पेशंट वेदनेने कळवळतो. त्याला पाणी कमी पडू न देणं, थंडीपासून जपणं, ऑक्सिजनची पातळी पाहत राहणं आणि वेदनाशामक वेळेवर देणं ही सगळी नर्सिंगची कामं त्या एका अक्षराच्या बदलातून आलेली आहेत. दुसरा कुठलाही आजार शिकताना अशीच साखळी लिहून काढा: जनुकात काय बदललं, कोणतं प्रथिन बिघडलं, शरीरात काय झालं, आपण काय करायचं.

२. कोणत्या गटातला आजार आहे ते ठरवा

*गुणसूत्रांची संख्या किंवा रचना बिघडलेली:* डाउन सिंड्रोम, टर्नर (४५, एक्स), क्लाइनफेल्टर (४७, एक्सएक्सवाय).

*एकाच जनुकातला बदल:* थॅलसेमिया, सिकल सेल, हिमोफिलिया, फिनाइलकीटोन्युरिया, मार्फान, हंटिंग्टन.

*अनेक जनुकं आणि परिस्थिती मिळून:* दुभंगलेला ओठ, मज्जारज्जूच्या नलिकेचे जन्मजात बिघाड, मधुमेहाचा दुसरा प्रकार. यांत २५ किंवा ५० टक्के असा सरळ हिशोब चालत नाही.

*मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या भागाच्या) डीएनएतला बदल:* तो फक्त आईकडून येतो. बाधित आईच्या मुलगा-मुलगी दोघांनाही मिळू शकतो, बाधित वडिलांकडून कोणालाच नाही.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे जन्मतः दिसलं ते आनुवंशिकच असं धरून चालणं. गरोदरपणी रुबेला झाल्यामुळे बाळाला आलेला मोतीबिंदू जन्मजात आहे, पण आनुवंशिक नाही. उलट हंटिंग्टन या मेंदूच्या आजाराचा बदल जन्मापासून पेशीत असतो आणि लक्षणं बहुधा तिशी-चाळिशीनंतर दिसतात. डाउन सिंड्रोममध्येही गुणसूत्र जास्तीचं असतं, पण बहुतेक वेळा ते घराण्यातून आलेलं नसतं.

३. वारशाचे नमुने ओळखा

ऑटोसोमल म्हणजे जनुक पहिल्या २२ जोड्यांपैकी एखाद्या गुणसूत्रावर. ऑटोसोमल रिसेसिव्ह आजारात दोन्ही प्रती बदललेल्या असाव्या लागतात. आई-वडील बहुधा निरोगी वाहक (एकच प्रत बदललेले) असतात आणि आजार एकाच पिढीतल्या भावंडांत दिसतो. नात्यातल्या लग्नात तो जास्त सापडतो, कारण दोघांकडे एकाच पूर्वजाकडून आलेला तोच बदल असण्याची शक्यता वाढते.

ऑटोसोमल डॉमिनंटमध्ये एक बदललेली प्रत पुरते. आजार पिढ्यान्‌पिढ्या खाली येताना दिसतो आणि वडिलांकडून मुलाकडेही जातो. पण आई-वडील दोघंही निरोगी असले म्हणून डॉमिनंट आजार नाकारू नका. अकाँड्रोप्लेशियाची (हातपाय आखूड राहून उंची खुंटण्याच्या आजाराची) सुमारे ८० टक्के मुलं सर्वसाधारण उंचीच्या आई-वडिलांना होतात, कारण त्यांच्यात बदल नव्याने झालेला असतो. मार्फान या जोडऊतींच्या आजारातही सुमारे चौथा हिस्सा पेशंट असेच.

एक्स-लिंक्ड रिसेसिव्हमध्ये बदल एक्स गुणसूत्रावर असतो. पुरुषाकडे एक्स एकच, म्हणून मुख्यतः पुरुष बाधित असतात आणि आजार आईच्या बाजूने येतो. इथे एक नियम कायम लक्षात ठेवा: वडील मुलाला एक्स देतच नाहीत, वाय देतात. म्हणून बाप-लेक दोघंही बाधित दिसले आणि आईच्या माहेरी तो आजार नसेल, तर एक्स-लिंक्ड समजण्याआधी पुन्हा विचार करा. बाधित पुरुषाच्या सगळ्या मुली मात्र हमखास वाहक.

४. तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढा

हे कौशल्य एकदा हाताला बसलं की बाकीचं सोपं होतं. सुरुवात ज्याच्यामुळे चौकशी सुरू झाली त्या व्यक्तीपासून करा आणि तिच्याकडे बाण काढा. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, लिंग माहीत नसेल तर उभा हिऱ्याचा आकार. बाधित व्यक्तीची खूण पूर्ण भरायची, एक्स-लिंक्ड आजाराच्या वाहक स्त्रीच्या वर्तुळात मधोमध ठिपका. मृत व्यक्तीच्या खुणेवर तिरकी रेघ. गर्भपाताला छोटा त्रिकोण. जोडप्यामधली रेघ एक, जोडपं रक्ताच्या नात्यातलं असेल तर दोन समांतर रेघा. पिढ्यांना डावीकडे रोमन अंक, प्रत्येक पिढीतल्या माणसांना डावीकडून उजवीकडे साधे अंक, भावंडं वयाच्या क्रमाने.

चित्र काढणं अवघड नाही, अवघड आहे विचारणं. "तुमच्या घरात आनुवंशिक आजार आहे का?" असं विचारलंत तर दहापैकी नऊ वेळा "नाही" हेच उत्तर येईल. लोकांना आजाराचं नाव ठाऊक नसतं, घडलेली गोष्ट ठाऊक असते. म्हणून असं विचारा:

- कोणाला पुन्हा पुन्हा रक्त चढवावं लागतं का?
- दात काढल्यावर, सुंता किंवा छोट्या ऑपरेशननंतर कोणाचं रक्त थांबत नव्हतं का?
- लहानपणीच दगावलेलं मूल आहे का? किती महिन्यांचं होतं, काय झालं होतं?
- दोन किंवा जास्त गर्भपात कोणाचे झाले आहेत?
- उशिरा चालायला लागलेला आणि पुढे चालणं सुटलेला मुलगा कोणी आहे का?
- चाळिशीच्या आत अचानक गेलेलं कोणी?
- तुम्हा दोघांचं लग्नाआधी काही नातं होतं का?

प्रत्येक बाधित व्यक्तीपुढे आजार कोणत्या वयात सुरू झाला ते लिहा. मृत व्यक्तीपुढे वय आणि कारण. कोपऱ्यात तारीख आणि माहिती कोणी दिली त्या व्यक्तीचं पेशंटशी नातं.

चुका इथेच जास्त होतात. निरोगी भावंडं गाळली जातात, पण पाच निरोगी मामा हीसुद्धा माहितीच आहे. सावत्र आणि सख्खी भावंडं एकाच रेघेखाली काढली जातात. दत्तक मूल वेगळ्या खुणेने दाखवलं जात नाही. आणि हिस्टरी फक्त आईकडून घेतली जाते, वडिलांची बाजू कोरी राहते. सासू-सासऱ्यांसमोर सून गर्भपाताबद्दल बोलणार नाही, म्हणून ही माहिती एकांतात घ्या.

५. शक्यता मोजायला शिका

दोन वाहकांच्या जोडप्यासाठी चार घरांचा चौकोन काढा. आईची दोन बीजं वर, वडिलांची दोन बाजूला. चार घरांत एक बाधित, दोन वाहक, एक पूर्ण निरोगी. म्हणजे २५ टक्के, ५० टक्के, २५ टक्के.

हे आकडे प्रत्येक गरोदरपणाला नव्याने लागू होतात. नाण्याला मागच्या वेळी काय पडलं ते आठवत नसतं. "चारातलं एक, आमचं एक झालं, आता पुढची तीन ठीक" असं आई-वडील मनाशी धरून बसतात, आणि आपण नुसतं "चारात एक" म्हणून निघून गेलो तर त्या गैरसमजाला आपणच हातभार लावतो. वाक्य पूर्ण बोला: "प्रत्येक वेळी दिवस राहिल्यावर बाळाला आजार असण्याची शक्यता २५ टक्के, नसण्याची ७५ टक्के."

आता परीक्षेत हमखास चुकणारं एक उदाहरण. एका पेशंटला रिसेसिव्ह आजार आहे, त्याचा भाऊ निरोगी आहे. भाऊ वाहक असण्याची शक्यता किती? बहुतेक जण ५० टक्के लिहितात. पण भाऊ निरोगी आहे हे आपल्याला आधीच कळलेलं आहे, म्हणजे चारातलं बाधित घर खोडायचं. उरली तीन घरं, त्यात दोन वाहक. उत्तर २/३. त्याची बायको तपासणीत वाहक निघाली तर त्यांच्या प्रत्येक बाळाला धोका २/३ × १/४ = १/६. बायको वाहक नसल्याचं तपासणीत दिसलं तर थॅलसेमियासारख्या आजारात धोका नगण्य होतो.

दुसरं उदाहरण हिमोफिलियाचं. एका बाईचा मामा आणि सख्खा भाऊ दोघंही बाधित. म्हणजे तिची आई नक्की वाहक. ही बाई वाहक असण्याची शक्यता १/२. तिला एक निरोगी मुलगा आहे. आता? ती वाहक असून मुलगा निरोगी निपजण्याची शक्यता १/२ × १/२ = १/४. ती वाहक नसून मुलगा निरोगी असण्याची १/२ × १ = १/२. दोन्हींची तुलना केली की ती वाहक असण्याची शक्यता १/३ वर येते. निरोगी मुलगा झाल्याने धोका कमी झाला, संपला नाही. मामा नसता आणि फक्त एकच भाऊ बाधित असता तर आईला नक्की वाहक म्हणता आलं नसतं, कारण तो बदल भावातच नव्याने झालेला असू शकतो.

६. काही आजार पक्के करा, बाकीचे मागून येतील

बीटा थॅलसेमिया. यात हिमोग्लोबिनची बीटा साखळी पुरेशी बनत नाही. मेजर, म्हणजे दोन्ही प्रती बदललेला तीव्र प्रकार, असलेलं बाळ जन्मतः ठीक दिसतं, कारण गर्भातलं हिमोग्लोबिन त्याला सांभाळत असतं. ते कमी होऊ लागलं की साधारण सहा महिने ते दोन वर्षांच्या दरम्यान फिकेपणा, वजन न वाढणं, पोट मोठं होणं सुरू होतं. दर २ ते ५ आठवड्यांनी रक्त द्यावं लागतं. रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं आणि ते बाहेर टाकायला शरीराकडे मार्ग नाही. ते हृदय, यकृत आणि अंतःस्रावी ग्रंथींत साठतं. म्हणून लोह काढणारी औषधं रक्ताइतकीच महत्त्वाची.

वाहक ओळखताना सीबीसीत लाल पेशी लहान आणि फिकट (एमसीव्ही, म्हणजे पेशीचा आकार, ८०च्या खाली; एमसीएच, म्हणजे पेशीतलं हिमोग्लोबिन, २७च्या खाली) आणि एचपीएलसीत हिमोग्लोबिन ए-२ साडेतीन टक्क्यांच्या वर दिसतं. सापळा असा की सोबत लोहाची कमतरता असेल तर ए-२ खाली येऊन रिपोर्ट नॉर्मल भासू शकतो. तेव्हा फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) पाहिल्याशिवाय "वाहक नाही" असं समजू नका. आणि नुसत्या लहान पेशी पाहून वाहकाला महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या चालू ठेवणं चूकच.

सिकल सेल. सोल्युबिलिटी टेस्ट (रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे का एवढंच सांगणारी झटपट तपासणी) पॉझिटिव्ह आली म्हणजे पेशंट वाहक आहे की बाधित हे कळत नाही, त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस लागतं. सहा महिन्यांखालच्या बाळात ही टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. घरी पाठवताना आईला प्लीहा हाताने चाचपायला शिकवा. बाळ अचानक पांढरं पडलं आणि डाव्या बरगडीखाली गाठ मोठी लागली तर तासाभराचाही उशीर नको. तापही घरी बसून उतरवायचा नाही, दवाखान्यात यायचं.

हिमोफिलिया. फॅक्टर म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन. ए प्रकारात फॅक्टर ८, बी प्रकारात फॅक्टर ९ कमी. स्नायूत इंजेक्शन नको, ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन नको, दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालतं. डोक्याला मार लागला तर आधी फॅक्टर, मग सीटी स्कॅन. स्कॅनची रांग संपेपर्यंत फॅक्टर थांबवणं जिवावर बेतू शकतं. वाहक स्त्रियांना काहीच त्रास नसतो हे गृहीत धरू नका, काहींचा फॅक्टर इतका कमी असतो की पाळीत आणि बाळंतपणानंतर जास्त रक्त जातं.

जी-६-पीडी कमतरता. लाल पेशींना जपणारं हे एन्झाइम कमी असतं. प्रायमाक्विन, डॅप्सोन, रासब्युरिकेज अशा औषधांनी किंवा डांबरगोळ्यांच्या संपर्काने लाल पेशी फुटतात, लघवी गडद होते. पेशी फुटून गेल्यावर लगेच टेस्ट केली तर ती नॉर्मल येऊ शकते: कमी एन्झाइमच्या जुन्या पेशी आधीच गेलेल्या असतात. टेस्ट साधारण तीन महिन्यांनी पुन्हा करतात. केस पेपरवर ॲलर्जीच्या जागेजवळ ही नोंद ठळक लिहा.

फिनाइलकीटोन्युरिया. फिनाइलॲलनिन हे अमिनो आम्ल पचवणारं एन्झाइम काम करत नाही. पहिल्या आठवड्यांत फिनाइलॲलनिन कमी असलेला आहार सुरू झाला तर मेंदू वाचतो. ॲस्परटेम घातलेली औषधं आणि पेयं टाळायची. या आजाराची मुलगी मोठी होऊन आई होणार असेल तर दिवस राहण्याआधीपासून आहार काटेकोर हवा. नाहीतर बाळ स्वतः फक्त वाहक असूनही आईच्या रक्तातल्या फिनाइलॲलनिनने त्याच्या मेंदूला आणि हृदयाला इजा होते.

डाउन सिंड्रोम. सुमारे ९५ टक्के मुलांत २१वं गुणसूत्र सुटं जास्तीचं असतं. ३ ते ४ टक्क्यांत ते दुसऱ्या गुणसूत्राला, बहुधा १४व्याला, जोडलेलं असतं. हा फरक बाळाकडे पाहून कळत नाही, म्हणूनच निदान स्पष्ट असलं तरी कॅरिओटाइप करायचाच. जोडलेलं निघालं तर आई-वडिलांचा कॅरिओटाइप लागतो. आई असा जोड वाहत असेल तर पुढच्या बाळाला धोका १० ते १५ टक्के असतो. सुमारे निम्म्या बाळांना हृदयाचा जन्मजात आजार असतो, तेव्हा हृदयाचा आवाज साफ ऐकू आला तरी इको (हृदयाची सोनोग्राफी) ठरलेला.

७. नमुना घेताना

डीएनए तपासणीचं रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये. कॅरिओटाइपचं हिरव्या झाकणाच्या हिपॅरिन ट्यूबमध्ये, कारण तिथे पेशी जिवंत हव्यात आणि वाढवायच्या असतात. हा नमुना फ्रीझरमध्ये गेला की वाया गेला. ट्यूबची अदलाबदल झाली तर लॅब आठवड्याने नमुना परत मागते आणि तो आठवडा आई-वडिलांना फार जड जातो.

टाचेचं रक्त बाळ साधारण ४८ ते ७२ तासांचं असताना घेतात. टाच गरम कापडाने शेकून घ्या. स्पिरिट पूर्ण वाळू द्या, ओलं राहिलं तर रक्त पातळ होतं. टोचायचं तळव्याच्या बाहेरच्या किंवा आतल्या कडेला, मधोमध कधीच नाही, तिथे हाड जवळ असतं. खोली २ मिलिमीटरच्या आत. पहिला थेंब पुसून टाका. मोठा थेंब जमू द्या आणि कागदाच्या एकाच बाजूने एकाच थेंबात वर्तुळ भरा. थेंबावर थेंब टाकलात, दोन्ही बाजूंनी भरलंत किंवा टाच दाबून पिळलीत तर आकडे चुकतात. कार्ड आडवं, हवेशीर जागी, उन्हापासून लांब, किमान तीन तास वाळवा. ओलं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका. बाळाला रक्त चढवायचं असेल तर नमुना त्याआधी घ्या.

पोटातल्या बाळाच्या तपासण्यांत मातेच्या रक्तातल्या डीएनएची तपासणी १० आठवड्यांपासून होते, पण ती चाळणी आहे, निदान नाही. निदानासाठी ११ ते १३ आठवड्यांत वारेचा तुकडा किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजल. यानंतर आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन राहून जात नाही ना, हे तुम्ही बघायचं. पाणी जाणं, ताप, पोट आवळून येणं, रक्तस्राव यांपैकी काहीही झालं तर लगेच यायला सांगा.

८. कुटुंबाशी बोलताना

निदान सांगणं आणि समुपदेशन हे डॉक्टर आणि जेनेटिक कौन्सिलरचं काम. पण ते निघून गेल्यावर खाटेजवळ उरता तुम्ही, आणि खरे प्रश्न तेव्हा येतात. "डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगाल का?" असं विचारा, गैरसमज तिथल्या तिथे कळतो.

"हे तुमच्याकडून आलं" हे वाक्य कोणत्याही रूपात बोलू नका. एक्स-लिंक्ड आजारात आईला घरचे धारेवर धरतात, तेव्हा स्पष्ट सांगा की कोणतं गुणसूत्र पुढे जावं हे कोणाच्याच हातात नसतं. कोणता निर्णय घ्यावा असा सल्ला देऊ नका, "तुम्ही आमच्या जागी असता तर?" असं विचारलं तरीही. माहिती द्या, वेळ द्या, कौन्सिलरशी पुन्हा भेट ठरवून द्या.

एकाचा रिपोर्ट दुसऱ्या नातेवाइकाला, अगदी जोडीदारालाही, परवानगीशिवाय सांगायचा नाही. कुटुंबाच्या तपासणीत कधी कधी वडील जैविक वडील नसल्याचं उघड होतं. तसा संशय आला तर खाटेजवळ किंवा कॉरिडॉरमध्ये चकार शब्द न काढता सिनिअर आणि कौन्सिलरला कळवा. हंटिंग्टनसारख्या, मोठेपणी सुरू होणाऱ्या आणि आज इलाज नसलेल्या आजाराची तपासणी लक्षणं नसलेल्या लहान मुलावर आई-वडिलांच्या आग्रहाने करत नाहीत. ते मूल सज्ञान झाल्यावर जाणून घ्यायचं की नाही, हे स्वतः ठरवेल.

नोंदीत "कौन्सिलिंग केले" एवढंच लिहून सोडू नका. काय सांगितलं, कोण हजर होतं, काय विचारलं गेलं, कोणता आकडा दिला आणि पुढची भेट कधी, हे सगळं लिहा. पुढच्या पाळीतल्या नर्सने त्याच आई-वडिलांना वेगळा आकडा सांगितला, तर ते दोन्हींवरचा विश्वास गमावतात.